शॉर्टवेव्ह मेलंय का, आणि महागडा रेडिओ घेऊ का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या स्कीम ५४ मधला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, टेक्सनचा पीएल-३३० हा छोटा रेडिओ घेऊन दोन महिने झाले, रात्री नऊनंतर लावला की सगळ्या मीटर बँडवर (स्टेशनांच्या पट्ट्यांवर) खरखर आणि मधेमधे चायनीज, बीबीसी हिंदी नाही, सिलोन नाही. मग शॉर्टवेव्ह मेलंय का, आणि याच्यापेक्षा महाग रेडिओ किंवा एसडीआर (कॉम्प्युटरला जोडून चालणारा रेडिओ) घेतला तर फरक पडेल का. काका म्हणालास म्हणून अरे-तुरेच करतो, राग मानू नकोस.

सरळ उत्तर आधी देतो, नवा रेडिओ घेऊ नकोस. पीएल-३३० हा या छंदाला पुरून उरेल असा सेट आहे, त्यात एसएसबी (हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा ऐकायची सोय) आहे, बँडविड्थ, म्हणजे एका वेळी किती रुंद पट्टी ऐकायची ते, बदलता येते, बाहेरचा अँटेना लावायला भोक आहे, आम्ही ज्या रेडिओंवर हे सगळं शिकलो त्यांच्यात यातलं काहीच नव्हतं. तुझी अडचण रेडिओ नाही, तू बसतोस ती जागा आणि तू लावतोस ती वेळ, या दोन गोष्टी आहेत, आणि तिसरी म्हणजे तू जे शोधतोयस त्यातलं बरंचसं आता हवेत नाहीच. ही तिसरी आधी उरकून टाकतो.

बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं, ११ मे १९४० ला सुरू झालेली सेवा होती ती, तेव्हा ती सापडत नाही यात तुझा दोष शून्य. रेडिओ नेदरलँड २०१२ मध्ये गेलं, रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या जानेवारीअखेर शॉर्टवेव्ह सोडलं, मार्च २०२५ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिका एकदम विस्कळीत झालं. आपलं भोपाळ ४८१० किलोहर्ट्झवर ६० मीटरला यायचं, तेही इतिहासजमा. म्हणजे कोणी जुन्या आठवणीतून तुला स्टेशनांची यादी दिली असेल तर ती फाडून टाक. पण "मेलंय" म्हणशील तर नाही. न्यूझीलंड आहे, रोमानिया आहे, कोरिया (दोन्ही), तैवान, व्हिएतनाम, तुर्कस्तान, इराण, जपान आहेत, ब्राझील आहे, आणि चीन तर इतका आहे की तुला तोच तेवढा ऐकू येतोय.

आता जागा. फ्लॅटमध्ये खरखर का येते हे एकदा समजून घे कारण नव्वद टक्के लोक इथेच सोडून जातात. घरातला प्रत्येक एलईडी बल्ब, प्रत्येक मोबाईल चार्जर, टीव्हीचा बॉक्स, वायफायचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, यांच्या पोटात स्विचिंग सप्लाय असतो, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा कचरा मिडियम वेव्हपासून शॉर्टवेव्हपर्यंत सगळीकडे पसरतो, भिंतीतली वायरिंग त्याला अँटेनासारखी मदत करते. त्यात आता इंदूरमध्ये घरोघरी सोलर बसतंय, त्याचे इन्व्हर्टर दिवसभर गातात. अशा घरात बसून ब्राझील शोधणं म्हणजे रात्री अकराला सराफ्याच्या गर्दीत उभं राहून राजवाड्यापाशी कोणी कुजबुजतंय ते ऐकायला जाणं. रेडिओ दुप्पट महाग घेतलास तर तो कुजबुजही दुप्पट मोठी करेल आणि सराफाही, फायदा काय.

म्हणून पहिलं काम, रेडिओ बॅटरीवर चालव, चार्जिंगला लावून कधीही ऐकू नकोस. पीएल-३३० मध्ये बीएल-५सी बॅटरी लागते, जुन्या नोकिया फोनवाली, एक जास्तीची घेऊन ठेव. मग मिडियम वेव्हला जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा जागी रेडिओ लाव आणि हातात धरून घरभर फिर. फ्रिजजवळ, टीव्हीजवळ, किचनमधल्या ट्यूबखाली, मीटरच्या बोर्डापाशी खरखर कुठे वाढते ते कळेल, बहुतेक घरांत एक-दोनच मुख्य गुन्हेगार निघतात आणि तो गुन्हेगार बरेचदा स्वस्तातला चार्जर असतो जो कोणी प्लगमध्ये तसाच विसरलेला असतो. मग घरच्यांना पटवून पाच मिनिटं मेन स्विच पाड. खरखर एकदम खाली आली तर आजार तुझ्या घरातला आहे आणि इलाज आहे, चार्जर बदल, केबलवर फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या) क्लिपा लाव, महाराणी रोडला नाहीतर जेल रोडला विचार, मिळतील. मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर ती शेजाऱ्यांची आहे, आणि शेजाऱ्यांशी भांडून काही होत नाही, तिथे आपण घराबाहेर पडायचं. पूर्वी लाइट गेली की सगळी कॉलनी वैतागायची आणि आम्ही रेडिओवाले पळत गच्चीवर जायचो, अख्ख्या मोहल्ल्याचा आवाज बंद म्हणजे तेव्हा सोनं असायचं. आता इंदूरला लाइट जातच नाही फारशी, तक्रार तरी कशी करावी.

गच्ची मिळाली तर अर्धी लढाई जिंकलीस. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलची बारीक तांब्याची तार घे, दहा-बारा मीटर पुरे, पाण्याच्या टाकीपासून पलीकडच्या पाइपापर्यंत ताण, दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी बांधून तार अधांतरी ठेव, आणि एक टोक रेडिओच्या अँटेनाच्या भोकात. यापेक्षा लांब नको, छोट्या सेटला जास्त सिग्नल दिला की तो गांगरतो, जिथे नाही तिथे स्टेशनं दिसायला लागतात. विजेच्या तारांच्या वर-खाली, आसपास कुठेही अँटेना नेऊ नकोस, ही एक गोष्ट मी दोनदा सांगतो, कुठेही नेऊ नकोस, आणि पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की तार काढून खाली ये.

बाल्कनीच असेल तर मिडियम वेव्हसाठी लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा अँटेना, कर. लाकडी क्रॉसवर साधारण ६० सेंटीमीटर बाजूचा चौकोन, दहा वेढे, जुन्या ट्रान्झिस्टरमधला स्टेशन बदलायचा गँग कंडेन्सर दोन टोकांना, बस. रेडिओला वायर जोडायची पण गरज नाही, लूपच्या शेजारी ठेव आणि गँग फिरव, एका जागी सिग्नल उसळी मारतो. आम्ही पोरवयात हे केलं तेव्हा वाटलं होतं जादूच आहे, आजही वाटतं.

आता वेळ, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हा खरा विषय आहे.

दिवसा सूर्यामुळे वर साधारण ६० ते ९० किलोमीटरवर हवेत डी नावाचा विद्युतभारित थर तयार होतो, तो मिडियम वेव्ह आणि खालच्या शॉर्टवेव्हला पिऊन टाकतो. म्हणून दिवसा मिडियम वेव्हवर जवळपासचंच ऐकू येतं. सूर्य बुडाला की हा थर विरतो, आणि त्याच्याही वर दोनशे-तीनशे किलोमीटरवरचा एफ थर लहरी परत खाली पाठवायला लागतो, मग हजार-दोन हजार किलोमीटर सहज. वरच्या बँडचं उलटं, १३ मेगाहर्ट्झच्या पुढचे बँड सूर्याच्या जोरावर चालतात आणि रात्री झोपतात. म्हणजे ढोबळ नियम असा की दिवसा वरचे, रात्री खालचे. तू रात्री नऊला १५ आणि १७ मेगाहर्ट्झ फिरवत बसत असशील तर खरखरच मिळणार, तिथे दुपारी जा.

पण याच्याहून मोठी गंमत अंधाराच्या दिशेत आहे. अंधार पूर्वेकडून येतो. आपल्याकडे डिसेंबरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, कोलकात्याला त्याआधी जवळजवळ पाऊण-एक तास मावळलेला असतो, चीनला तर कधीच. म्हणून संध्याकाळी पूर्वेची स्टेशनं आधी उघडतात. आणि पहाटे उलटं, पूर्वेला उजाडलं की तिकडची एकेक विझायला लागतात, आपल्याकडे अजून अंधार, आणि पश्चिमेला, म्हणजे पाकिस्तान, इराण, आखात, आफ्रिका, तिकडे तर पूर्ण रात्र, तेव्हा मैदान मोकळं होतं. जानेवारीत इंदूरला सातनंतर उजाडतं, पहाटे पाच ते सात हे दोन तास माझ्या मते वर्षातले सगळ्यात भारी तास, रात्री नऊ वाजता सगळेच रेडिओ लावतात आणि सगळेच निराश होतात. पहाटेच्या त्या दोन तासांत ११७८० किलोहर्ट्झ लावून बघ, ब्राझीलची रेडिओ नासिओनाल दा अमेझोनिया पोर्तुगीजमध्ये, तिथपासून इथपर्यंतची सगळी वाट तेव्हा अंधारात असते, म्हणून प्रयत्न करण्यासारखं आहे, रोज नाही मिळणार.

न्यूझीलंड मात्र दुपार ते संध्याकाळ, त्यांच्या सुरुवातीला बेलबर्ड पक्ष्याचा आवाज असतो, एकदा ऐकलास की विसरणार नाहीस.

तुला चायनीजचा कंटाळा आला म्हणतोस, मी म्हणतो तिथूनच शिकायला सुरुवात कर. ४९०५ आणि ४९२० किलोहर्ट्झ लाव रात्री. ते ल्हासा आहे, तिबेटी भाषेत, इंदूरपासून साधारण १७०० किलोमीटर, मधे अख्खा हिमालय. तुला ते "चायनीज" वाटलं असेल आणि तू पुढे गेला असशील. चिनी आणि तिबेटी यातला फरक कानाला दोन दिवसांत कळतो. तसंच ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर टिक टिक घड्याळ ऐकू येतं, ते चीनचं बीपीएम वेळेचं केंद्र, दर तासाला २९ व्या आणि ५९ व्या मिनिटाला मोर्समध्ये आणि बाईच्या आवाजात आपली ओळख देतं. त्याच फ्रिक्वेन्सींवर अमेरिकेचं डब्ल्यूडब्ल्यूव्ही पण आहे, पुरुषाचा आवाज, आणि हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच, बाईचा आवाज. कधी एखाद्या पहाटे चिनी टिकटिकीच्या मागे दुसरी टिकटिक अर्धा क्षण मागे-पुढे ऐकू आली की समज काहीतरी उघडलंय. मी रेडिओ लावला की पहिलं १० मेगाहर्ट्झ बघतो, त्यावरून आजचा दिवस कसा आहे ते कळतं.

सूर्याचंही बघत जा. साधारण ११ वर्षांचं चक्र आहे त्याचं, सध्याचं पंचविसावं, ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ या दोन्ही अमेरिकन संस्थांनी सांगितलं की शिखराचा काळ आलाय. शिखराच्या आसपास वरचे बँड मस्त चालतात पण सौरवादळंही तेव्हाच. १० मे २०२४ च्या रात्री एवढं मोठं वादळ झालं की लडाखात हानले इथून लाल ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) दिसली, आणि तशा दिवशी शॉर्टवेव्हवर सगळं सपाट असतं, लोक रेडिओ दुरुस्तीला नेतात. के-इंडेक्स, म्हणजे अशा वादळाचा जोर सांगणारा आकडा, पाच किंवा वर असेल तर सरळ झोप, उद्या बघू.

आता माझं खरं मत, जे बऱ्याच नव्या लोकांना आवडत नाही. सुरुवात शॉर्टवेव्हने करूच नकोस, मिडियम वेव्हने कर, आणि आपण मराठी असल्यामुळे आपल्याकडे तर फार सुंदर अभ्यासक्रम तयार आहे. इंदूरमध्ये बसून महाराष्ट्र पकड. जळगाव ९६३, दक्षिणेला सातपुड्यापलीकडे, सगळ्यात जवळचं, थंडीत दिवसाही कान लावून बघ. मग नागपूर ५८५, पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, सांगली १२५१, परभणी १३०५, रत्नागिरी ११४३, सोलापूर १६०२, सगळं किलोहर्ट्झमध्ये. आकाशवाणीने मिडियम वेव्हचे बरेच ट्रान्समीटर बंद केलेत नाहीतर तास कमी केलेत, तेव्हा चालू यादी ताडून घे. आणि एक सेटिंग, रेडिओत मिडियम वेव्हची पायरी ९ किलोहर्ट्झ आहे ना ते बघ, १० असेल तर तो अमेरिकेच्या हिशोबाने उड्या मारतो आणि आपली निम्मी स्टेशनं कडेला लागतात, हे कोणी सांगत नाही.

मिडियम वेव्हवर रेडिओच्या आत फेराइटची दांडी हाच अँटेना असतो, ती आडवी, रेडिओच्या लांबीत असते. रेडिओचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे असली की आवाज भरपूर, आणि अरुंद कड स्टेशनकडे केली की ते स्टेशन पडतं. ही पाडापाडी म्हणजेच अर्धं डीएक्सिंग, लांबची स्टेशनं पकडायचा आपला छंद. ५८५ चं उदाहरण घे, नागपूर तिथे आहे आणि त्याच ५८५ वर इस्लामाबादही. नागपूर आपल्या पूर्वेला जरा दक्षिणेकडे झुकून, इस्लामाबाद जवळजवळ सरळ उत्तरेला. आता रेडिओची कड उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकवून ठेव, इस्लामाबाद खाली बसतं, नागपूर राहतं. कड नागपूरकडे वळव, उलटं होईल. रात्रीच्या वेळी पूर्ण पडणार नाही कारण लहर वरून तिरकी येते, पण कोण आहे ते कळण्यापुरतं होतं. ११४३ वर मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे रत्नागिरी आणि रोहतक दोघं, एक दक्षिणेला एक उत्तरेला, इंदूरवरून जवळजवळ एकाच रेषेत, कड फिरवली तर दोघं पडतात. तिथे बसून राहायचं, फेडिंगमध्ये, म्हणजे सिग्नलच्या चढउतारात, एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो, दहा-पंधरा मिनिटांत कोणीतरी मराठी बोलतोच.

घरच्या स्टेशनाचाही उपयोग आहे. मालवा हाउसचं, म्हणजे आकाशवाणी इंदूरचं, ६४८ चालू असताना त्याला लागून ६५७ कोलकाता काढून दाखव, कड इंदूरच्या ट्रान्समीटरकडे करून, बँडविड्थ ३.५ नाहीतर २.५ वर आणून. जमलं तर तुझा रेडिओही चांगला आणि हातही. आणि स्थानिक ट्रान्समीटर बंद होण्याचं सगळे दुःख करतात, मलाही होतं, पण आम्हा ऐकणाऱ्यांना एक बाजू अशी दिसते की एक मोठं स्टेशन गप्प झालं की त्या जागेवर दबलेली चार लांबची वर येतात.

दक्षिणेला अजून एक सोपं म्हणजे ८८२, श्रीलंकेतलं पुट्टलम, ४०० किलोवॅट, संध्याकाळनंतर. सिलोनचं नाव तू काढलंस म्हणून सांगतो, आपल्या आज्या-पणज्या सगळ्या नकळत डीएक्सर होत्या. बाळकृष्ण केसकर नावाचे आपलेच मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ माहिती आणि प्रसारण मंत्री होते, त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली, आणि तेव्हाच १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली, मग काय, अख्खा देश दर बुधवारी दोन हजार किलोमीटरवरचं शॉर्टवेव्ह स्टेशन लावायला शिकला, सुई कशी हलवायची, तार खिडकीतून कशी काढायची, फेडिंग आलं तर गप्प कसं बसायचं, सगळं. आकाशवाणीला शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. रामबागेत, नारायण बागेत प्रत्येक वाड्याला खिडकीबाहेर जाळीचा अँटेना लोंबायचा. त्यासाठी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरावं लागायचं, ते ऐंशीच्या दशकात गेलं. आता ऐकायला लायसन्स नाही, बोलायला म्हणजे हॅमला (हौशी बिनतारीवाल्याला) परीक्षा देऊन घ्यावं लागतं. सकाळी ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झवर एलएसबी (एसएसबीचाच एक प्रकार) लावून हॅम लोकांच्या गप्पा जरूर ऐक, व्हीयू ने सुरू होणाऱ्या खुणा म्हणजे आपले भारतीय. पोलीस, विमान वगैरेंच्या मागे मात्र लागू नकोस, तो आपला छंद नाही, आणि महूत सैन्याचं दूरसंचार कॉलेज आहे एवढ्यावरून तिकडचं काही ऐकायची हौस तर अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मी कडक आहे. ऐकू आलं म्हणजे पकडलं असं नाही, ओळख पटली तर पकडलं. नवा माणूस यादीत बघतो ७९२ म्हणजे पुणे, तिथे काहीतरी मराठी ऐकू आलं, लिहून टाकतो पुणे. सकाळी सातनंतरचं पुण्याचं प्रादेशिक बातमीपत्र महाराष्ट्रातली बाकीची केंद्रंही घेतात, म्हणजे "आकाशवाणी पुणे" हे शब्द तू जळगावच्या ट्रान्समीटरवरूनही ऐकू शकतोस. दिल्लीच्या बातम्यांच्या वेळी तर देशभर एकच आवाज. म्हणून बातम्या संपल्यावर थांब, स्थानिक केंद्राची उद्घोषणा, बाजारभाव, हवामान, गावांची नावं, जाहिरात, याची वाट बघ. शॉर्टवेव्हवर तर देश आणि ट्रान्समीटर यांचा संबंध असेलच असं नाही, बीबीसी असेन्शन बेटावरूनही येते, ओमानमधूनही, जपान आपले कार्यक्रम दुसऱ्या देशांतल्या ट्रान्समीटरवरून सोडतं. "मी जपान ऐकलं" म्हणण्याआधी त्या वेळेला तो कार्यक्रम कुठून निघतोय ते बघ. ईआयबीआय नावाची शॉर्टवेव्ह स्टेशनांच्या वेळापत्रकाची यादी फुकट मिळते, वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. जुनी यादी म्हणजे यादी नसल्यासारखीच.

वही ठेव, मोबाईलमध्ये नको, कागदाची. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, काय ऐकलं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा, आणि इथे सगळ्यांची तारीख चुकते, १२ जानेवारीला पहाटे चार वाजता ऐकलंस तर यूटीसीने ती ११ जानेवारीची २२:३० आहे. सिन्पो हा पाच आकड्यांचा कोड शिकून घे, सिग्नल, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, नॉइज, लहरीचं चढउतार आणि एकूण, प्रत्येकी एक ते पाच. सगळीकडे ५५५५५ लिहिणाऱ्याचा रिपोर्ट स्टेशनवाले बाजूला टाकतात, त्यांना त्यातून काहीच कळत नाही. कमीत कमी वीस-पंचवीस मिनिटं ऐकून कोण काय बोललं, कुठलं वाद्य, कुठला विषय, हे लिहून ई-मेल कर, रोमानिया, कोरिया, तैवान हे अजून क्यूएसएल कार्ड (स्टेशन ऐकल्याची पोचपावती) देतात. आकाशवाणीही देते. आपल्याकडे एक जुनी सवय होती, श्रोता संघ काढायचा आणि मॉस्को, पेकिंग, कोलोनच्या स्टेशनांना पत्रं टाकून कॅलेंडरं मागायची, भिंतभर कॅलेंडरं असलेली माणसं मला माहीत आहेत ज्यांनी रिपोर्ट एकही धड लिहिला नाही. मागू काही नकोस, रिपोर्ट चांगला असला की कार्ड आपोआप येतं.

एफएमबद्दल थोडंच. तिथे उंची लागते, मिडियम आणि शॉर्टवेव्हला नाही लागत, तिथे शांतता लागते. म्हणून शॉर्टवेव्हसाठी चोरलच्या बाजूला कुठे विजेच्या तारांपासून लांब शेत बघ आणि एफएमसाठी जानापावचा डोंगर चढ. थंडीत पहाटे हवेचे थर उलटे बसतात तेव्हा दोन-तीनशे किलोमीटरचं एफएम येतं, आणि मे ते जुलै कधीतरी दुपारी स्पोरॅडिक-ई (लहरी परत पाठवणारा, अचानक तयार होणारा थर) लागलं तर हजार-दीड हजार किलोमीटरचं, पण ते लॉटरीचं तिकीट. इंदूरच्या आत ९८.३ आणि १०१.६ च्या शेजारी काही शोधणं अवघडच, रेडिओ मिर्चीची सुरुवातच २००१ मध्ये या शहरातून झाली, तेव्हा गर्दी आपल्याकडे जुनी आहे.

एसडीआरचं शेवटी. आरटीएल-एसडीआरचा व्ही४ डोंगल स्वस्त आहे, शॉर्टवेव्हही दाखवतो, धबधब्यासारखं चित्र पडद्यावर येतं आणि कुठे कुठे सिग्नल आहे ते एका नजरेत कळतं, शिकायला छान. पण तो लॅपटॉपला लागतो, लॅपटॉप आणि त्याचा चार्जर स्वतःच खरखर करतात, तेव्हा आवाजाचा प्रश्न सुटल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. ट्वेंटे विद्यापीठाचा ऑनलाइन रिसीव्हर पण आहे, हॉलंडमध्ये काय ऐकू येतंय ते घरबसल्या ऐकता येतं, तुलना करायला मी वापरतो, पण तिथे ऐकलेलं स्टेशन आपल्या वहीत लिहायचं नाही, कान हॉलंडचा होता. जी मंडळी तसं लिहितात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांचे लॉग वाचत नाही.

तर आत्ता तुझ्यासाठी एवढंच, पावसाळा असेल तर फार जीव टाकू नकोस, मे ते सप्टेंबर विजांचा कडकडाट मिडियम वेव्ह खाऊन टाकतो, तेवढ्यात घरातले चार्जर शोधून काढ, लूप बनव, आणि नोव्हेंबरपासून पहाटे उठायला लाग. आणि सोसायटीची गच्ची उघडी असते का कुलूप असतं ते सांग, कुलूप असेल तर बाल्कनी कुठल्या दिशेला आहे तेही सांग, म्हणजे लूप कुठे उभा करायचा ते ठरवू.